मायक्रोकंट्रोलर आणि पीडब्ल्यूएम वापरून एलईडीचा उजेड कमी-जास्त करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलईडी चालू-बंद करण्याचा पहिला प्रोग्रॅम ज्यांनी लिहून झाला आहे आणि आता त्याच एलईडीचा उजेड हळूहळू वाढवायचा किंवा उतरवायचा आहे, अशा वाचकांसाठी हे पान आहे. उदाहरणे मुख्यतः आर्डुइनो उनो बोर्डावरील एटीमेगा३२८पी या ५ व्होल्ट आणि १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची घेतली आहेत. तत्त्वे मात्र कोणत्याही चिपला लागू पडतात.

पीडब्ल्यूएममध्ये नेमके काय घडते?

मायक्रोकंट्रोलरच्या डिजिटल पिनला दोनच अवस्था माहीत असतात: शून्य व्होल्ट आणि पूर्ण पुरवठा. पीडब्ल्यूएममध्ये (पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे चालू स्पंदाची रुंदी बदलणे) ही पिन ठरावीक आवर्तकाळाने सतत चालू-बंद केली जाते आणि प्रत्येक आवर्तनातील चालू असण्याचा हिस्सा, म्हणजेच ड्यूटी सायकल, बदलला जातो. आवर्तन १ मिलिसेकंदाचे असेल आणि त्यात पिन पाव मिलिसेकंद चालू असेल, तर ड्यूटी २५ टक्के झाली. त्या पाव मिलिसेकंदात एलईडी पूर्ण तेजाने पेटलेला असतो आणि उरलेल्या वेळात पूर्ण विझलेला असतो. ‘मंद’ अशी तिसरी अवस्था परिपथात कोठेही नसते. मंदपणा निर्माण होतो तो डोळ्यांत, कारण इतक्या जलद चढउतारांची सरासरीच आपल्याला दिसते. हे एकदा नीट ध्यानात घेतले की पुढील बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

त्यापेक्षा एलईडीला दिलेले व्होल्टेजच कमी केले तर?

एलईडी हा डायोड आहे आणि त्यातून जाणारा प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर घातांकी रीतीने वाढतो. एका मर्यादेखाली तो जवळपास काहीच प्रकाश देत नाही आणि त्या मर्यादेच्या वर व्होल्टेजमध्ये दशांश व्होल्टचा फरक पडला तरी प्रवाह कित्येक पटींनी बदलू शकतो. शिवाय तापमान वाढले की तोच प्रवाह कमी व्होल्टेजला वाहू लागतो. त्यामुळे व्होल्टेज हे उजेडाचे नियंत्रण करण्याचे भरवशाचे साधन नाही.

प्रवाह नियंत्रित करून उजेड बदलणे मात्र पूर्णपणे योग्य आहे आणि चांगल्या दर्जाच्या दिव्यांत ते केलेही जाते. त्यासाठी वेगळा परिपथ लागतो, आणि प्रवाह बदलला की प्रकाशाच्या रंगछटेतही थोडा बदल होतो, जो हिरव्या आणि पांढऱ्या एलईडींमध्ये सहज जाणवू शकतो. पीडब्ल्यूएममध्ये पेटलेल्या क्षणीचा प्रवाह कायम तोच असल्यामुळे छटा जवळजवळ स्थिर राहते. एटीमेगा३२८पीमध्ये डिजिटलचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणारा भाग मुळातच नाही. टायमर मात्र तीन आहेत, आणि पीडब्ल्यूएमला तेवढेच पुरेसे असते.

पीडब्ल्यूएम वापरत असताना रेझिस्टर खरोखर लागतो का?

होय, लागतोच. ‘सरासरी प्रवाह कमी आहे, मग रेझिस्टर कशाला’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. स्पंद चालू असताना पिनवर पूर्ण ५ व्होल्ट असतात आणि तेवढ्या काळात प्रवाहाला आवर घालणारे दुसरे काहीही नसते. एलईडी तगला तरी पिनच्या आतील ट्रान्झिस्टरवर ताण येतो. प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि पिन चालू स्थितीत राहिली, तर १० टक्क्यांचा हिशेब क्षणात १०० टक्क्यांचा होतो.

गणित सोपे आहे. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर. १० मिलिॲम्पियर हवे असतील तर ३०० ओहम, म्हणून सहज मिळणारा ३३० ओहमचा रेझिस्टर घ्यावा, म्हणजे प्रवाह सुमारे ९ मिलिॲम्पियर होतो. निळ्या आणि पांढऱ्या एलईडींवर ३ व्होल्टच्या थोडे वर पडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी १८० ओहमच्या आसपासचे मूल्य येते. याच कारणाने ३.३ व्होल्टच्या चिपवरून निळा किंवा पांढरा एलईडी थेट चालवणे बेभरवशाचे ठरते: रेझिस्टरवर उरणारे व्होल्टेज इतके तुटपुंजे असते की दोन एकसारख्या एलईडींचा उजेडही वेगवेगळा दिसतो. अशा वेळी एलईडीला ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा आणि पिनने फक्त ट्रान्झिस्टर चालू-बंद करावा.

एटीमेगा३२८पीच्या एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पियर आहे आणि संपूर्ण चिपची २०० मिलिॲम्पियर. या आकड्यांपलीकडे चिप खराब होऊ शकते, एवढाच त्यांचा अर्थ आहे. रोजच्या वापरासाठी ते दिलेले नाहीत. एका पिनवर २० मिलिॲम्पियरच्या आत राहणे शहाणपणाचे.

मल्टीमीटर १.२५ व्होल्ट दाखवतो, तरीही एलईडी पेटलेला कसा?

मल्टीमीटर डीसी मापनात सरासरी दाखवतो आणि ५ व्होल्टच्या २५ टक्के ड्यूटीची सरासरी १.२५ व्होल्टच येते. एलईडीला ते १.२५ व्होल्ट कधीच मिळत नाहीत. त्याला ५ व्होल्ट मिळतात किंवा शून्य. ड्यूटीचा अंदाज घ्यायला हे मापन उपयोगी आहे, एलईडीच्या प्रवाहाचे गणित करायला नाही.

फ्रिक्वेन्सी किती ठेवावी?

येथे एकच आकडा सांगून भागत नाही, कारण प्रश्न ‘लुकलुकणे दिसते का’ एवढाच नसतो. स्थिर नजरेने पाहिल्यास साधारण १०० हर्ट्झच्या वर लुकलुकणे जाणवेनासे होते. नजर वेगाने फिरवली, किंवा दिवाच हलत असला, तर मात्र कित्येकशे हर्ट्झवरही प्रकाशाची सलग रेघ न दिसता तुटक ठिपके दिसतात. अंधारात चालत्या वाहनांचे मागचे दिवे पाहताना अनेकांना हा अनुभव आलेला असतो. त्याच कारणाने अशा उजेडात फिरणारे पाते थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे भासू शकते, आणि यंत्राजवळ काम करणाऱ्यासाठी तो भास धोक्याचा आहे.

आयईईई संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शिफारशींनुसार, पूर्ण चालू-पूर्ण बंद होणाऱ्या प्रकाशासाठी १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी मानला जातो आणि ३००० हर्ट्झच्या वर परिणाम जाणवू नये अशी अपेक्षा असते. माझ्या मते खोलीत लावायच्या किंवा वाचनाच्या दिव्यासाठी ३ किलोहर्ट्झ ही खालची मर्यादा समजावी. उपकरणाच्या दर्शनी भागावरील सूचक एलईडीसाठी ४९० हर्ट्झही चालतात; त्यात उगाच वेळ घालवू नये.

वरच्या बाजूलाही मर्यादा आहेत. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितक्या वेळा ट्रान्झिस्टरला अवस्था बदलावी लागते आणि प्रत्येक बदलात थोडी उष्णता निर्माण होते. लांब तारांतून जलद स्पंद गेले की त्या तारा ॲन्टेनासारख्या वागतात आणि शेजारच्या रेडिओत खरखर येते. कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, विशेषतः काही किलोहर्ट्झवर, पुरवठ्यातील कॉइल किंवा सिरॅमिक कपॅसिटर बारीक शीळ घालू शकतात. मात्र सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेगळीच आहे: फ्रिक्वेन्सी वाढवली की उजेडाच्या पायऱ्यांची संख्या कमी होते. त्याबद्दल सविस्तर पुढे येईल.

आर्डुइनो उनोवर काही पिनांना ४९० आणि काहींना ९८० हर्ट्झ का मिळतात?

तिन्ही टायमरांना मुख्य घड्याळाचा ६४वा भाग, म्हणजे २५० किलोहर्ट्झ, दिला जातो. पिन ५ आणि ६ टायमर ० वर आहेत. तो ० ते २५५ मोजून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून २५० किलोहर्ट्झ भागिले २५६ बरोबर सुमारे ९७७ हर्ट्झ. पिन ९ आणि १० टायमर १ वर, तर ३ आणि ११ टायमर २ वर आहेत; हे दोघे वर मोजत जातात आणि मग उलटे खाली येतात, त्यामुळे एका आवर्तनाला ५१० टिक (घड्याळाचे ठोके) लागतात आणि फ्रिक्वेन्सी सुमारे ४९० हर्ट्झ येते.

टायमर ० ची फ्रिक्वेन्सी बदलण्याचा मोह टाळावा. वेळ मोजणारी मिलिस आणि डिले ही फंक्शने त्याच टायमरवर अवलंबून असतात. त्याचा भाजक बदलला की प्रोग्रॅममधील एक सेकंद एक सेकंदाचा राहत नाही.

ड्यूटी ५० टक्के केली तरी उजेड निम्मा झाल्यासारखा का वाटत नाही?

कारण प्रकाश निम्मा झाला आहे, पण डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. अंधाराकडच्या टोकाला आपली दृष्टी फार संवेदनशील असते आणि प्रखर टोकाला बोथट. सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ साली जाणवणाऱ्या उजेडाचे जे सूत्र स्वीकारले, त्यात मधल्या आणि वरच्या भागासाठी घनमुळाचा संबंध आहे आणि अगदी खालच्या भागासाठी सरळ रेषा. ते सूत्र उलटे सोडवले की असे दिसते: डोळ्याला निम्मा वाटणारा उजेड हवा असेल तर ड्यूटी सुमारे १८ टक्के ठेवावी लागते. एक पंचमांश वाटणाऱ्या उजेडाला ३ टक्के पुरतात आणि एक दशांशाला जेमतेम १.१ टक्के. दुसऱ्या टोकाला, ५७ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतचा एवढा मोठा पट्टा डोळ्याला शेवटच्या एक पंचमांशाइतकाच वाटतो.

म्हणूनच ड्यूटी समान पावलांनी वाढवणारा प्रोग्रॅम चालवला की एलईडी सुरुवातीला एकदम उजळतो आणि पुढे बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते. उपाय असा की बटण, नॉब किंवा वेळ यांवरून आलेला आकडा ‘जाणवणारा उजेड’ म्हणून वागवावा आणि त्यावरून ड्यूटी काढावी. सीआयईचे सूत्र वापरा किंवा २.२ घातांकाचा साधा वक्र वापरा, नुसत्या नजरेला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. अगदी तळाला मात्र सीआयईचे सूत्र अधिक सौम्य वागते आणि मला तेच पसंत आहे. प्रत्येक वेळी घातांक काढत बसण्यापेक्षा २५६ नोंदींचा तक्ता आधीच तयार करावा. प्रत्येक नोंद १६ बिटांची धरली तर ५१२ बाइट लागतात. एटीमेगा३२८पीची रॅम २ किलोबाइटच असल्यामुळे हा तक्ता फ्लॅश मेमरीत ठेवलेला बरा.

तक्ता वापरला, तरीही मंद टोकाला उजेड पायरी-पायरीने उडी मारतो. फ्रिक्वेन्सी वाढवून पाहिली, उपयोग झाला नाही.

होणारही नव्हता, ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत आहे. अडचण फ्रिक्वेन्सीची नसून पायऱ्यांच्या संख्येची आहे. ८ बिटांत २५६ पायऱ्या असतात आणि त्या वरच्या टोकाला भरपूर वाटतात, कारण २५० वरून २५१ वर जाताना प्रकाश अर्ध्या टक्क्यानेही बदलत नाही. परंतु १ वरून २ वर जाताना तो दुप्पट होतो आणि २ वरून ३ वर जाताना दीडपट. जाणवणाऱ्या उजेडाचा खालचा एक दशांश भाग ८ बिटांत अवघ्या तीन पायऱ्यांत संपतो. अशा वेळी ८ बिटांतच वक्राचा तक्ता बसवला तर परिस्थिती आणखी बिघडते: २.२ घातांकाच्या तक्त्यात ० ते १४ या सर्व आकड्यांचे उत्तर पूर्णांकात शून्यच येते, म्हणजे नॉब बराच फिरवला तरी एलईडी पेटत नाही आणि मग एकाएकी पेटतो.

येथे टायमरचे साधे गणित मदतीला येते. टायमरला एका सेकंदात ठरावीकच टिक मिळतात; ते पायऱ्यांत आणि आवर्तनांत वाटून घ्यायचे असतात. फ्रिक्वेन्सी गुणिले पायऱ्यांची संख्या हा गुणाकार घड्याळाच्या वेगापेक्षा जास्त होऊ शकत नाही. १६ मेगाहर्ट्झवर ८ बिट घेतले तर फ्रिक्वेन्सी ६२.५ किलोहर्ट्झपर्यंत नेता येते, १० बिटांना १५.६ किलोहर्ट्झ, १२ बिटांना ३.९ किलोहर्ट्झ, १४ बिटांना ९७७ हर्ट्झ आणि पूर्ण १६ बिटांना २४४ हर्ट्झ. यांपैकी १२ बिट आणि ३.९ किलोहर्ट्झ हा पर्याय मला सर्वांत समतोल वाटतो. ३ किलोहर्ट्झची मर्यादा पाळली जाते आणि खालच्या एक दशांश उजेडासाठी तीनऐवजी सुमारे ४५ पायऱ्या मिळतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर एलईडीसाठी स्वतंत्र पीडब्ल्यूएम विभाग असून ८० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर १३ बिट ९.७ किलोहर्ट्झपर्यंत मिळतात. आरपी२०४० या मायक्रोकंट्रोलरवर १२५ मेगाहर्ट्झला १६ बिट १.९ किलोहर्ट्झवर चालतात.

दिव्याचा दर्जा पाहायचा असेल तर तो शंभर टक्क्यांवर पाहू नये, दोन टक्क्यांवर पाहावा. स्वस्त आणि चांगल्या डिमरमधील फरक तेथेच उघडा पडतो.

मग उनोवर १२ बिट मिळवायचे कसे? ॲनालॉगराइट तर २५५ च्या पुढे जात नाही.

आर्डुइनोमध्ये पिनला ड्यूटीचा आकडा देणारे ॲनालॉगराइट हे फंक्शन टायमर १ लाही ८ बिटांचाच समजून वागवते, जरी तो प्रत्यक्षात १६ बिटांचा असला तरी. त्यामुळे टायमरची रजिस्टर (त्याची मांडणी ठरवणारे चिपमधील आकड्यांचे कप्पे) थेट लिहावी लागतात. टायमर १ ला चौदाव्या मोडमध्ये, म्हणजे ज्याचे शिखर आयसीआर१ या रजिस्टरमधून ठरते अशा जलद पीडब्ल्यूएममध्ये, ठेवावे. त्यासाठी टीसीसीआर१ए मध्ये डब्ल्यूजीएम११ आणि टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१२ व डब्ल्यूजीएम१३ हे बिट १ करावेत. पिन ९ जोडण्यासाठी सीओएम१ए१ आणि घड्याळ न भागता देण्यासाठी सीएस१० हे बिट १ करावेत. आयसीआर१ मध्ये ४०९५ लिहावे, पिन ९ आउटपुट म्हणून घोषित करावी, आणि मग ओसीआर१ए मध्ये ० ते ४०९५ यांपैकी हवा तो आकडा लिहीत जावे.

ओसीआर१ए मध्ये लिहिलेला नवा आकडा चालू आवर्तन संपल्यावरच लागू होतो, त्यामुळे मध्येच लिहिला तरी स्पंद अर्धवट तुटत नाही. आयसीआर१ ला ही सोय नाही, म्हणून ते सुरुवातीला एकदाच लिहून मोकळे व्हावे. इंटरप्टमधूनही (चालू काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमधूनही) टायमर १ ची १६ बिटांची रजिस्टर हाताळली जात असतील, तर मुख्य प्रोग्रॅममध्ये लिहिताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवावेत, कारण दोन्ही बाइट एकाच तात्पुरत्या रजिस्टरमधून जातात आणि त्यांची सरमिसळ होऊ शकते.

शून्य लिहिले तरी अंधारात एलईडी पुसटसा पेटलेला दिसतो. हे कसे?

जलद पीडब्ल्यूएमची ही ओळखीची खोड आहे. या मोडमध्ये तुलनेचे रजिस्टर शून्य असले तरी प्रत्येक आवर्तनात एका टिकेइतका स्पंद बाहेर पडतोच; म्हणजे ० ला एक टिक, १ ला दोन, अशी मोजणी होते. १२ बिटांत तो ४०९६वा भाग असतो, तरी काळोख्या खोलीत डोळा तोही टिपतो. शून्य हवे असेल तेव्हा टायमरचे पिनशी असलेले नाते तोडावे आणि पिन शून्यावर ठेवावी. ॲनालॉगराइटही ० आणि २५५ या दोन आकड्यांना नेमके हेच करते. वर-खाली मोजणारा मोड वापरला तर शून्याला खरोखर शून्य मिळते, पण फ्रिक्वेन्सी निम्मी होते.

माझा एलईडी उलटा चालतो. आकडा वाढवला की मंदावतो.

एलईडीचे एक टोक पुरवठ्याला आणि दुसरे पिनला जोडलेले असणार. सामाईक ॲनोड (धन टोक) असलेल्या तीन रंगांच्या एलईडीत असेच असते. प्रोग्रॅममध्ये शिखरातून आकडा वजा करावा किंवा टायमरचा उलटा आउटपुट मोड निवडावा.

हव्या त्या पिनवर सॉफ्टवेअरने पीडब्ल्यूएम करता येईल का?

करता येईल, पण मंद टोकाला ते स्थिर राहणे अवघड. १ मिलिसेकंदाच्या आवर्तनात १ टक्का ड्यूटी म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा स्पंद. तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या इंटरप्टने ५ मायक्रोसेकंद उशीर केला तर तो स्पंद दीडपट लांब होतो आणि दिवा थरथरल्यासारखा दिसतो. ८० टक्क्यांवर तोच उशीर कोणाच्या ध्यानातही येत नाही. अनेक पिना हाताळायच्याच असतील तर आकड्याच्या प्रत्येक बिटाला त्याच्या वजनाइतका वेळ देण्याची पद्धत वापरावी: सर्वांत लहान बिटाला १ एकक, पुढच्याला २, मग ४, असे करत १२८ पर्यंत. अशाने एका आवर्तनात २५६ ऐवजी केवळ ८ इंटरप्ट पुरतात.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी कशी मंद करावी?

पट्टीवर साधारणपणे तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशा माळा समांतर जोडलेल्या असतात. प्रवाह मर्यादित करणारा रेझिस्टर पट्टीवरच असल्यामुळे तिला थेट पीडब्ल्यूएम देता येते. पिन मात्र हा भार पेलू शकत नाही, म्हणून पट्टीची ऋण बाजू एन-चॅनल मॉस्फेटमधून (गेट या टोकावरील व्होल्टेजने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून) जमिनीला (ग्राउंडला) जोडावी. पुरवठ्याची आणि मायक्रोकंट्रोलरची जमीन एकत्र जोडायला विसरू नये. पट्टी अजिबात न लागण्याचे किंवा भलतेच वागण्याचे हे नेहमीचे कारण असते.

मॉस्फेट निवडताना होणारी चूक थ्रेशोल्ड व्होल्टेजची. माहितीपत्रकात थ्रेशोल्ड २ व्होल्ट दिसला म्हणून ५ व्होल्टला तो पूर्ण उघडेल असे गृहीत धरले जाते, पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉस्फेट जेमतेम वाहू लागतो ती पातळी, आणि ती मोजताना प्रवाह बहुधा २५० मायक्रोॲम्पियरच असतो. पाहायचा तो चालू अवस्थेतील रोध कोणत्या गेट व्होल्टेजला दिला आहे, हा रकाना. आयआरएफ५४०एनचा रोध १० व्होल्टला दिलेला आहे, म्हणून तो ५ व्होल्टच्या पिनवर अर्धवट उघडून तापू शकतो. आयआरएलझेड४४एनचा रोध ५ आणि ४ व्होल्टलाही दिलेला आहे, त्यामुळे उनोसाठी तो योग्य. ३.३ व्होल्टच्या चिपसाठी मात्र २.५ व्होल्टला रोध दिलेला एओ३४००ए सारखा मॉस्फेट घ्यावा.

पिन आणि गेट यांच्यात १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर ठेवावा, म्हणजे गेटचा कपॅसिटन्स भरताना पिनवर येणारा झटका आवरला जातो. गेटपासून जमिनीला १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा, कारण चिप सुरू होत असताना पिना अधांतरी असतात आणि त्या काळात पट्टी आपोआप पेटू शकते. लहान भारासाठी बीसी५४७ सारखा साधा ट्रान्झिस्टरही चालतो, मात्र त्याची मर्यादा १०० मिलिॲम्पियर असल्याने पट्टीसाठी तो विचारात घेऊ नये.

जास्त शक्तीच्या एलईडीसाठी स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर आहे. त्याचा पुरवठाच पीडब्ल्यूएमने चालू-बंद करू का?

करू नये. प्रत्येक स्पंदाला ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, त्याचे कपॅसिटर भरतात, आणि प्रवाह स्थिरावण्याआधीच पुरवठा जातो. अनेक ड्रायव्हर चिपना उजेडासाठी वेगळी पिन दिलेली असते. पीटी४११५ हे त्याचे परिचित उदाहरण. पीडब्ल्यूएम तेथेच द्यावे. येथे उच्च फ्रिक्वेन्सीचा हव्यासही धरू नये, कारण ड्रायव्हरच्या कॉइलमधून प्रवाह चढायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि त्याहून लहान स्पंद वाया जातात. मंद टोक पुन्हा एकदा येथेच आधी बिघडते.

एलईडीसमोर कपॅसिटर लावून स्पंद गुळगुळीत केले तर?

फायदा होत नाही. रेझिस्टर-कपॅसिटरची चाळणी स्पंदांचे सरासरी व्होल्टेजमध्ये रूपांतर करते, आणि व्होल्टेज कमी केल्यावर एलईडी कसा वागतो ते वर आलेच आहे. मॉस्फेटच्या पुढे थेट कपॅसिटर लावला तर दर स्पंदाला तो झटक्याने भरतो आणि मॉस्फेटवरच ताण येतो.

उजेड हळूहळू बदलताना बटण दाबलेले ओळखले जात नाही. काय करावे?

दोन पावलांमध्ये डिले ठेवल्यामुळे असे होते. मिलिसने वेळ पाहावी, ठरलेला अवधी उलटला असेल तरच एक पाऊल पुढे टाकावे, अन्यथा पुढच्या कामाला लागावे. स्पंद टायमर आपोआप देत राहतो. प्रोग्रॅमने फक्त अधूनमधून नवा आकडा लिहायचा असतो. ईएसपी३२ मध्ये तर उजेड चढवण्या-उतरवण्याचे कामही हार्डवेअरवर सोपवता येते.

सर्वो किंवा आवाजाची लायब्ररी जोडल्यावर काही पिनांचे पीडब्ल्यूएम का बंद पडले?

टायमर वाटून घ्यावे लागतात. उनोवर सर्वो लायब्ररी टायमर १ घेते, त्यामुळे पिन ९ आणि १० वर पीडब्ल्यूएम मिळत नाही. टोन हे फंक्शन टायमर २ घेते आणि पिन ३ व ११ च्या कामात व्यत्यय आणते.

पंधरा-वीस एलईडी स्वतंत्रपणे मंद करायचे आहेत.

पीसीए९६८५ ही चिप दोन तारांच्या आयटूसी जोडणीवर १६ वाहिन्या आणि १२ बिट देते, परंतु तिची फ्रिक्वेन्सी सुमारे दीड किलोहर्ट्झपर्यंतच जाते आणि ती सर्व वाहिन्यांना एकच असते. डब्ल्यूएस२८१२ प्रकारच्या एलईडीत प्रत्येक दाण्यात स्वतःचा नियंत्रक असतो. त्यांचा उजेड पाठवलेल्या आकड्यांनी बदलावा, पुरवठा तोडून-जोडून नव्हे. त्यांच्यातही रंगामागे ८ बिटच असल्याने मंद टोकाच्या पायऱ्या तेथे उघड दिसतात.

पीडब्ल्यूएमने वीज वाचते का? एलईडीचे आयुष्य घटते का?

वीज ड्यूटीच्या प्रमाणात कमी लागते. मात्र एलईडी कमी प्रवाहावर अधिक कार्यक्षम असतो, त्यामुळे पूर्ण प्रवाहाचे २५ टक्के स्पंद देण्यापेक्षा सलग पाव प्रवाह दिला तर थोडा अधिक प्रकाश मिळतो. स्पंदाचा प्रवाह परवानगीच्या आत असेल तर चालू-बंद होण्याने आयुष्यावर परिणाम होत नाही. उलट सरासरी उष्णता घटल्याने ते वाढण्याचीच शक्यता असते.

घरातील वीजपुरवठ्यावरचा एलईडी बल्ब असाच मंद करता येईल का?

नाही. त्या बल्बच्या आत स्वतःचा ड्रायव्हर असतो आणि तो डिमरसाठी बनवलेला असेल तरच, तोही त्याच्या ठरलेल्या प्रकारच्या डिमरने मंद होतो. वीजपुरवठ्याच्या तारेला मायक्रोकंट्रोलरचा परिपथ जोडण्याचा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्यावर काळे पट्टे दिसतात. दिवा सदोष आहे का?

नाही. बहुतेक मोबाइल कॅमेरे चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतात, त्यामुळे काही ओळी दिवा विझलेला असताना टिपल्या जातात. चित्रीकरणासाठीच दिवा करायचा असेल तर २० किलोहर्ट्झच्या वर जावे आणि त्यासाठी अधिक वेगाच्या घड्याळाची चिप निवडावी, म्हणजे पायऱ्यांवर पाणी सोडावे लागत नाही. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तेव्हा हे पट्टे उपयोगी पडतात: फ्रिक्वेन्सी वाढवली की ते दाट होतात, ड्यूटी वाढवली की त्यांतील काळा भाग अरुंद होतो.

बॅटरी वाचवण्यासाठी चिप झोपवली, तर एलईडी कधी विझतो, कधी पूर्ण तेजाने पेटून राहतो. असे का?

एटीमेगा३२८पीच्या सर्वांत गाढ झोपेत टायमरला मिळणारे घड्याळ बंद होते आणि त्या क्षणी पिन ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत गोठते. स्पंदाच्या चालू भागात झोप लागली तर एलईडी पूर्ण पेटलेला राहतो. उजेड कायम ठेवून वीज वाचवायची असेल तर आयडल ही हलकी झोप वापरावी, कारण तिच्यात प्रोसेसर थांबतो पण टायमर चालू राहतात. गाढ झोपच हवी असेल तर आधी टायमरचे पिनशी असलेले नाते तोडावे, पिन शून्यावर न्यावी, आणि त्यानंतरच झोपेची सूचना द्यावी.